आबांचा अर्धा पासवर्ड

आमच्या पतसंस्थेची तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नसे. एक किल्ली मॅनेजर म्हणून माझ्याकडे आणि दुसरी अध्यक्षांकडे. एकाच किल्लीनं कितीही खटपट केली तरी दार हलायचं नाही. ही पद्धत ज्यानं काढली त्याचा एका माणसावर विश्वास नसावा, पण दोन माणसं एकाच दिवशी बिघडत नाहीत यावर असावा. मला ती मनापासून पटायची. माझ्या घरीसुद्धा कपाटाची किल्ली बायकोकडे आणि आतल्या खणाची माझ्याकडे असे. त्यामुळं सणाला दागिना काढायचा तर दोघांनीही घरात असावं लागे. बायको या व्यवस्थेबद्दल जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

संस्था मंगळवार पेठेत होती आणि तिच्या दोन शाखा होत्या, एक कोडोलीला आणि एक शाहूवाडीला. कोडोलीची शाखा चांगली चालायची, जायला-यायलाही सोयीची. शाहूवाडीला पावसाळाभर टेबलावरचे कागद ओलसरच असतात, असं तिथून परत आलेले लोक सांगत. तिथं स्वतः बदली मागून कुणी जात नसे. पाठवलं जाई.

अध्यक्षांना सगळी पेठ आबा म्हणायची. त्यांची गुळाची अडत होती. शाळा मराठी चौथीपर्यंत झालेली, पण संस्था निघाल्यापासून अध्यक्ष तेच. सही मात्र इंग्रजीत करायचे. हात न उचलता, एका फटकाऱ्यात. त्या सहीत अक्षरं किती आणि कोणती हे मी कधी मोजलं नाही. सही ओळखता आल्याशी मतलब.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा संस्थेनं संगणक घेतला. शेजारच्या पेठेतल्या संस्थेनं घेतला होता, हे त्यामागचं मुख्य कारण. जुन्या दप्तरांची खोली रिकामी करून तिथं यंत्र बसवलं आणि त्याला उकाडा सोसत नाही म्हणून थंड हवेचं यंत्र लावलं. आमच्या इमारतीत तसं दुसरं नव्हतं. आबांच्या केबिनमध्येही पंखाच होता. त्या उन्हाळ्यात संचालकांना संगणकाची एकाएकी फार गोडी लागली. दुपारी दोन ते चार चपला बाहेर काढून चार-पाच जण आत बसून असायचे.

पुण्याचा इंजिनिअर यंत्र जोडायला आला होता. त्यानं बैठकीत समजावून सांगितलं की रोजचं काम करणाऱ्या प्रत्येक कारकुनाला आपापला पासवर्ड असेल. त्या सगळ्यांच्या वर एक मोठा पासवर्ड असतो, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा. कारकुनांची नावं घालणं-काढणं, संस्थेचं आणि पदाधिकाऱ्यांचं नाव बदलणं, हे त्याच्याशिवाय होत नाही. तो कुणातरी एका जबाबदार माणसाकडे ठेवा, असं तो म्हणाला.

एका माणसाकडे, हे ऐकल्यावर बैठक थांबली. आबांकडे ठेवायचा म्हटलं तर विरोधी गटाचे दोन संचालक उठायचे, माझ्याकडे ठेवायचा म्हटलं तर सगळेच. शेवटी मी सुचवलं की तिजोरीचीच पद्धत लावावी. शब्दाचा पहिला अर्धा भाग मी ठरवायचा, दुसरा अध्यक्षांनी, आणि एकमेकांना सांगायचा नाही. सूचना एकमतानं मंजूर झाली. परवलीच्या शब्दाचा पूर्वार्ध व्यवस्थापकांकडे व उत्तरार्ध अध्यक्षांकडे राहील, असा ठराव मी स्वतः लिहिला. इंजिनिअरनं फक्त एकदा आमच्याकडे आणि एकदा यंत्राकडे बघितलं. ती सूचना तत्त्वतः मला आजही बरोबर वाटते.

उद्घाटनाच्या दिवशी यंत्राला हळदकुंकू लागलं, नारळ मात्र इंजिनिअरच्या विनंतीवरून दाराबाहेर फुटला. मग पासवर्ड घालायची वेळ आली. इंजिनिअरनं आम्हा दोघांना सांगितलं, टाइप केलेलं पडद्यावर दिसणार नाही. शब्द पुरा झाला की उजवीकडचं मोठं बटन दाबायचं, त्याला एंटर म्हणतात. आणि खात्रीसाठी सगळं दोनदा करायचं. मी आत गेलो, माझा अर्धा भाग टाइप केला आणि एंटर न दाबता बाहेर आलो. मग आबा आत गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर संचालक, इंजिनिअर, फोटोवाला आणि पेढ्यांचा पुडा धरलेला शिपाई, सगळे दाराकडे पाठ करून उभे होते. गुप्ततेसाठी पाठ करा, असं मीच सांगितलं होतं. आबांना बराच वेळ लागला. मग ते बाहेर आले, मी परत आत गेलो, परत आबा गेले, आणि या खेपेला ते लगेच बाहेर आले. पडद्यावर काहीतरी बरं लिहून आलं होतं. इंजिनिअर म्हणाला, झालं. फोटो निघाला.

माझा अर्धा भाग मी आजही इथं लिहिणार नाही. तो संस्थेचा आहे.

पुढं दीड-दोन वर्षं त्या मोठ्या पासवर्डची कधी गरजच पडली नाही. मग संस्थेची निवडणूक झाली आणि आबांचं पॅनेल पडलं. स्वतः आबासुद्धा पडले, तेही थोड्या मतांनी नाही. नवे अध्यक्ष चाळिशीच्या आतले, बी.कॉम. झालेले, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेले. त्यांना सगळे दादा म्हणायचे. त्यांनी खुर्चीवर बसल्या बसल्या तिजोरीची किल्ली मागितली, ती आबांनी त्याच दिवशी पाठवून दिली. पासवर्डची आठवण कुणालाच झाली नाही.

ती झाली निवडणुकीनंतर यंत्रातून पहिली ठेव पावती बाहेर आल्यावर. खाली छापलं होतं, अध्यक्ष म्हणून, आबांचं नाव. दादांनी ती पावती उजेडाकडे धरून बघितली, जणू उजेडात नाव बदललं असतं.

मी सांगितलं की हे नाव मोठ्या पासवर्डशिवाय बदलत नाही, आणि त्याचा अर्धा भाग आबांकडे आहे. इंजिनिअरला पुण्याला पत्र घातलं. त्याच्या कंपनीकडून उत्तर आलं की ज्यानं यंत्र बसवलं तो आता आखातात असतो. आता दोनच मार्ग आहेत. पासवर्ड ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारावं, नाहीतर सगळं पुसून सगळी खाती पहिल्यापासून भरावीत. पत्राच्या शेवटी एक इशारा होता की तीनदा चुकीचा शब्द घातला तर यंत्र बंद होईल. त्यामुळं मी अंदाजानं काही घालून बघायला साफ नकार दिला. तसंही दुसऱ्याच्या किल्लीच्या जागी खिळा घालून बघणं माझ्या स्वभावात नाही.

मग प्रत्येक पावतीवर आबांचं नाव शाईनं खोडायचं आणि वर दादांच्या नावाचा रबरी शिक्का मारायचा, असा उपाय निघाला. शाई ओली असली की शिक्का पसरायचा आणि दोन्ही नावं मिळून तिसरंच काहीतरी दिसायचं. कोडोलीहून आलेल्या एका शेतकऱ्यानं तर पावती घ्यायलाच नकार दिला.

"खाडाखोड केल्याला कागद मी न्हाय घेनार," तो म्हणाला. "आदी तुमचं तुम्ही ठरवा अध्यक्ष कोन हाय ते. मग मी येतो की."

दादा केबिनमधून ऐकत होते. त्या दिवसापासून पासवर्ड हा राजकारणाचा विषय झाला.

आबांकडे पहिल्यांदा शिपाई चिठ्ठी घेऊन गेला. आबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग एक संचालक गेले. आबांनी त्यांना म्हशीचं दूध पाजलं आणि सांगितलं की शब्द मी ठरावानं घेतलाय, तेव्हा ठरावानंच परत मागा. बैठक बोलावून ठराव केला, तो घेऊन दोन संचालक गेले. आबांनी चष्मा लावून ठराव वाचून घेतला आणि म्हणाले, ह्यात माजी अध्यक्षांकडून असं लिहिलंय, शब्द तर अध्यक्षाला दिलेला. हे कायद्यात बसतंय का ते विचारून या. ते विचारायला आठ दिवस गेले. तोवर बाकीचे संचालक एकेक करून जाऊन आले होते. निवडणुकीनंतर ज्या दारात कुत्रं फिरकत नव्हतं, तिथं आता सकाळ-संध्याकाळ चपलांचा ढीग. पेठेत बोललं जाऊ लागलं की म्हातारा पडला खरा, पण कारभार अजून त्याच्या पोटात आहे. आबांची तब्येतही सुधारली. निवडणुकीनंतर काठी घेऊन चालायचे, ती सुटली.

शेवटी आबांनी निरोप पाठवला की शब्द मी वार्षिक सभेत सांगेन, स्टेजवर, माईकवर. सभासदांचा शब्द आहे, सभासदांसमोर देईन.

दादांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटलं. सभेआधी प्रत्येक सभासदाला त्याच्या शिलकेचं पत्रक जाणार होतं, यंत्रावर छापलेलं, खाली अध्यक्षांचं नाव असलेलं.

"मॅनेजर, त्या पत्रकावर माझं नाव पायजे. छापील. शिक्का चालनार न्हाय," दादा म्हणाले. "आनि म्हाताऱ्याला माईक बी मिळनार न्हाय. तुमचं त्यांचं पहिल्यापासनं जमतंय. जावा, काढून आना. न्हायतर शाहूवाडीची जागा रिकामीच हाय."

माझी मुलगी त्या वर्षी बारावीला होती. सकाळी तिला क्लासला सोडणं, संध्याकाळी गणित घेणं हे माझ्याकडे होतं. शाहूवाडीला गेलो असतो तर तिथं खोली घेऊन राहावं लागलं असतं, घरी रविवारपुरता. बायकोला मी ते त्या संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, तुमचा अर्धा आहे ना, मग उरलेल्या अर्ध्यासाठी एवढं काय. मी तिला पद्धत समजावून सांगायला लागलो, तेव्हा ती भाकरी उलटायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांच्या घरी गेलो. त्या दिवशी अजून दुसरं कुणी आलं नव्हतं. आबा घराच्या पुढच्या सोप्यात बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी कुठलाही ठराव नेला नव्हता. सरळ सांगितलं की आबा, ही गोष्ट आता माझ्या बदलीवर आली आहे. शाहूवाडी. मुलगी बारावीला आहे. तुमच्या-दादांच्या भांडणात मला पडायचं नाही, पण तुम्ही शब्द सांगितला नाही तर भोगणार मी आहे.

आबांचा हात थांबला. त्यांनी आत कुणी आहे का ते वाकून बघितलं.

"मॅनेजर, दार तेवढं लोटा," ते म्हणाले.

मी लोटलं.

"सांगायला काय पायजे की न्हाय? त्यात काय नव्हतंच वो."

मला वाटलं विसरलेत. मी म्हणालो, पहिलं अक्षर आठवलं तरी पुष्कळ, आपण बसून आठवू.

"इसरलो न्हाय. आदी ऐका. मी आत गेलो, तर त्या बटनांवर एच्या म्होरं बी न्हाय, बीच्या म्होरं सी न्हाय. ए हिकडच्या टोकाला आनि बी पार खाली. माझ्या नावाचं पहिलं अक्षर हुडकाय लागलो, ते घावलं. म्हटलं आता दुसरं. दुसरं काय घावंना. भायेर तुम्ही समदी पाठ करून हुबा, फोटोवाला हुबा. मनात आलं, म्हनतील म्हातारा सही करतोय झोकात आनि चार अक्षरं हुडकाय तास लावतोय. मग त्या इंजिनेरनं आपल्याला दावलं हुतं न्हवं, ते मोठं बटन, तेवढं दाबलं. मशीन काय बोललं न्हाय. दुसऱ्यांदा बी तेवढंच दाबलं."

मी विचारलं की जे पहिलं अक्षर सापडलं ते दाबलं होतं का. हे नक्की होणं जरुरीचं होतं.

"न्हाय. म्हटलं एकट्या अक्षराचं काय करायचं. नुसतं मोठं बटन."

"दोन्ही वेळेला?"

"दोन्ही येळंला. पोरांची आन."

मग त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि चावली नाही. ज्यासाठी सगळी पेठ त्यांच्या सोप्यात चहा पिऊन गेली होती ते त्यांच्याकडे कधीच नव्हतं. सभेत माईकवर काय सांगणार होतात, असं मी विचारलं. ते म्हणाले, माईक मिळतोय कशाला, म्हणून तर मागितला.

"सभेत सांगनार व्हय तुम्ही हे?" त्यांनी हळूच विचारलं.

मी नाही म्हणालो. हे मी लगेच म्हणालो, आणि एवढ्या लगेच मी एरवी कशालाच हो किंवा नाही म्हणत नाही.

संस्थेत गेलो, चपला काढल्या, संगणकाच्या खोलीत बसलो. माझा अर्धा भाग टाइप केला. आपल्या अर्ध्यावर थांबायचं हीच माझी पद्धत होती, आणि ती मी इतके दिवस मनातल्या मनातसुद्धा मोडली नव्हती. एंटर दाबलं. यंत्र उघडलं.

म्हणजे हिशेब असा होता की संस्थेचा सगळा पासवर्ड पहिल्या दिवसापासून एकट्या माझ्याकडे होता. एका माणसाकडे राहू नये म्हणून ठराव मी लिहिला आणि त्या ठरावानंच तो एका माणसाकडे ठेवला. अर्ध्यात शून्य मिळवलं की उत्तर अर्धंच येतं, हे मला हिशेबनीस असून सुचलं नव्हतं. मग मी आबांचं नाव एकेक अक्षर करून पुसलं आणि दादांचं घातलं. दोनदा वाचून बघितलं.

दादांना काय सांगायचं हा प्रश्न उरला. खरं सांगितलं तर आबांचं हसं झालं असतं, भर सभेत, माईकवर. ते सोडलं तरी दुसरी बाजू होती. दादा विचारणार की म्हणजे मॅनेजर, एवढे दिवस कुलूप तुमच्या एकट्याच्याच किल्लीचं होतं आणि तुम्ही आम्हांला म्हाताऱ्याच्या दारात रांगेनं उभं केलंत? माझ्यावर चौकशी बसली असती, आणि चौकशी करणारा मी असतो तर मीही ती बसवलीच असती. खोटं बोलणं मला जमत नाही. म्हणून एक वाक्य तयार केलं, त्यातला प्रत्येक शब्द तपासला, आणि केबिनमध्ये गेलो.

"आबांकडं जे होतं ते त्यांनी मला सांगितलं. नाव बदललं आहे," मी म्हणालो.

दादा आधी उठून यंत्राच्या खोलीत गेले. एक कोरं पत्रक छापून घेतलं, खालचं नाव वाचलं, बोटानं घासून शाई निघते का बघितली. चेहरा उजळला होता. परत येऊन बसेपर्यंत तो उजेड निम्मा झाला.

"कुनाला सांगितलं म्हनालासा?"

"मला."

"ठराव घेऊन संचालक गेलं, त्येस्नी न्हाय सांगितलं. मी मान्सं पाठवली, त्येस्नी न्हाय. तुम्ही हात हलवत गेलासा आनि सकाळच्या पारी घेऊन आलासा." दादा मला नव्यानं बघितल्यासारखं बघत होते. "लईच इस्वास हाय की म्हाताऱ्याचा तुमच्यावर."

मी म्हणालो, तुम्हीच पाठवलं होतं. ते म्हणाले, व्हय, मीच पाठवलं, बरं झालं पाठवलं. कळलं तरी.

सभा झाली. पत्रकं सगळ्यांकडे पोचली होती, त्यावर एकही शिक्का नव्हता. आबांनी माईक मागितला नाही, पण दादांनी, पेठेत मोठेपणा दिसावा म्हणून, त्यांना स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला आणि संस्थेच्या हितासाठी मतभेद विसरून सहकार्य केल्याबद्दल आभार मानले. आबांनी शाल खांद्यावर नीट पसरून घेतली. खाली उतरताना टाळ्या पडत होत्या. माझ्या खुर्चीजवळून जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा जास्तच वेळ. प्रेमानंच ठेवला होता. दादा स्टेजवरून ते बघत होते.

पुढच्या सोमवारी माझ्या टेबलावर आदेश आला. संस्थेच्या कामाच्या सोयीसाठी शाहूवाडी शाखेकडं बदली, तात्काळ. यंत्रावर छापलेला होता, अक्षर सुबक होतं आणि खाली अध्यक्षांचं नाव बिनचूक होतं. ते मीच घातलं होतं, चुकलं असतं तर आश्चर्य. हातातला मोठा पासवर्ड दादांकडं सोपवायचा, असंही आदेशात होतं. मी माझा अर्धा भाग एका बंद पाकिटात घालून दिला. पाकिटावर लिहिलं की उत्तरार्धात काहीही टाइप करू नये. दादांना ते वाक्य उद्धट वाटलं, असं मागाहून कानावर आलं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. आबांचं मोठं बटनसुद्धा सांगितलं, कारण संस्थेची गुप्तता आता माझ्याकडं राहिलेली नव्हती. ती निवडत असलेल्या मेथीची जुडी खाली ठेवून ऐकत राहिली.

"आनि खरं सांगितलं असतं दादांस्नी तर?" तिनं विचारलं.

"तर शाहूवाडीच. वर चौकशी."

तिनं थोडा वेळ दोन्ही उत्तरं मनात ठेवून बघितली. मी तिला हिशेबाच्या बाबतीत घरातला दुसरा माणूस मानतो. तिनं मुलीला हाक मारली आणि सांगितलं की आजपासून गणित रविवारी, तेव्हा अडलेलं लिहून ठेवत जा. मग माळ्यावरची वळकटी काढायला स्टूल ओढलं आणि मला म्हणाली, "धरा की स्टूल. एकटीनं न्हाय चढायला जमत."

मी धरलं.